छातीतलं मांजर

ईसीजी काढायच्या टेबलावर आडवी झालेली बाई सगळ्यात आधी काय विचारते, माहीत आहे? दुखेल का, शॉक बसेल का, हे नंतर. आधी विचारते, "ताई, यात मनातलं दिसतं का हो?" सुरतच्या सरकारी दवाखान्यात मी सगळा जन्म ही पट्टी काढण्यात घालवला आणि खानदेशच्या, विदर्भाच्या, सौराष्ट्राच्या, सगळ्या बायकांनी मला हेच विचारलं. मी सांगायची, "नाही बाई, मनातलं तुझं तुझ्यापाशी. आम्हाला नुसते ठोके दिसतात." मग ती मोकळा श्वास सोडायची आणि पट्टी छान यायची. एक गृहस्थ मात्र बायकोची पट्टी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यात आमचं कुठं काही दिसत नाही." मी म्हटलं, "दिसायला आधी असावं लागतं." त्यांनी तक्रार केली. हृदयविभागाचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब, त्यांनी मला बोलावून हसू दाबत दम दिला.

आमचं काम तसं सोपं. हृदय चालताना थोडी वीज तयार करतं. हातापायांना पट्टे आणि छातीवर रबरी चेंडूच्या वाट्या लावल्या की ती वीज कागदावर रेघ होऊन उतरते. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल. या रेघेत सगळं कळत नाही. हृदयाला झडपा असतात, दारांसारख्या. त्या नीट उघडतात का, हे त्या काळी बहुतेक कानानेच ऐकावं लागायचं. सोनोग्राफीसारखं हृदयाचं चित्र दाखवणारं मशीन तेव्हा सगळीकडे नव्हतं, आणि जिथे होतं तिथे रांग असायची. म्हणून डॉक्टरच्या कानाला मोठी किंमत होती.

मी मूळची अमळनेरकडची, सासर सुरतेतल्या डिंडोलीचं. म्हणजे सासरही अमळनेरकडचंच, पण पोटासाठी डिंडोलीला आलेलं. यजमान पांडेसऱ्याला डाइंगच्या मिलमध्ये. त्यांच्या शर्टाला रोज वेगळ्या रंगाचा वास यायचा. दवाखान्यात मी 'सुमनबेन', गल्लीत 'सुमनताई'. अहिराणी, मराठी, गुजराती आणि वेळ पडली तर हिंदीतून भांडणं, हे सगळं मला येत होतं. त्यामुळे साहेबांनी माझ्या गळ्यात आणखी एक काम घातलं. ते म्हणजे फेलोशिपवाली पोरं.

कापडाच्या एका व्यापाऱ्याने बायकोच्या आठवणीत ट्रस्ट काढला होता. मेडिकल कॉलेजातल्या ज्या विद्यार्थ्यांना हृदयाच्या शास्त्रात गोडी आहे, अशा दोघा-तिघांना वर्षभर संशोधनाची वृत्ती मिळायची. एक विषय घ्यायचा, एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली तो तपासायचा आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या खात्यापुढे उभं राहून मांडायचा. पोरं एरवी पुस्तकं पाठ करून दमलेली. स्वतःचा प्रश्न विचारायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे उत्साह काय विचारू नका. बरोबर मी आणि माझं मशीन.

एका वर्षी एका हुशार मुलाला गरब्याने हृदयावर काय होतं ते बघायचं होतं. नवरात्रात मंडपाच्या मागे टेबल लावलं. मुली गरबा खेळून धापा टाकत यायच्या. घामामुळे छातीवरच्या वाट्या टिकेनात, एक लावली की दुसरी फटकन उडायची. चणियाचोळीचे आरसे तारांत अडकायचे. शेवटी ढोल वाजला की मुली तारांसकट उठून पळायच्या. त्याचा शोध असा निघाला की सुरतेत गरबा चालू असताना कुणीही संशोधन करू नये. पुढे तो चांगला डॉक्टर झाला म्हणे.

आणि मग आली नीपा. बारडोलीकडच्या एका मास्तरांची मुलगी, अंगाने काडी, चष्मा नाकापेक्षा मोठा. बोलायची इतकं हळू की मला दरवेळी "काय?" म्हणावं लागायचं. मला वाटलं, ही पंधरा दिवसांत परत जाईल.

तिचा विषय असा. लहान मुलांचा घसा सुजतो, ताप येतो, मग काहींचे गुडघे-घोटे सुजतात. सांधे काही दिवसांत बरे होतात आणि आईबाप विसरून जातात. पण तो आजार जाता जाता हृदयाच्या झडपेला हात लावून जातो. मुलगी धावते, खेळते, वर्षं जातात, झडप मात्र आतल्या आत आखडत राहते. मोठेपणी, बहुतेक पहिल्या बाळंतपणात, अचानक श्वास पुरत नाही. वेळीच कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन दुखणं तिथेच थोपवता येतं. लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत, जिथे एका खोलीत सात-आठ माणसं दाटीने राहतात, अशी मुलं किती आहेत ते नीपाला घरोघर जाऊन ऐकायचं होतं.

ऐकायचं. हाच तर घोटाळा झाला.

सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका गल्लीत पहिल्या दिवशी गेलो. खाली लूम्सची खाती, वर आणि मागे कारीगरांच्या खोल्या. आपल्याकडे ऑफिसातल्या विभागाला 'खातं' म्हणतात, सुरतेत माग चालतात त्या कारखान्याला. खटाखट, खटाखट, रात्रंदिवस. जमीन हलते, भांडी हलतात, चहाच्या कपात बारीक लाटा उठतात. नीपाने पहिल्या मुलाच्या छातीवर नळी ठेवली, डोळे मिटले, बराच वेळ तशीच बसली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुमनबेन, कशुं संभळातुं नथी." काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, थांब, माझं मशीन लावू. पट्टी काढली तर हृदयाची रेघ कुठली, सगळी जमिनीचीच थरथर. लूम्सचा ईसीजी काढणारी मी जगातली पहिली बाई असेन.

मग आम्ही शहाणपण केलं. आठवड्यातून एक दिवस त्या भागाची वीज बंद असायची, तेव्हा सगळी खाती थांबत. त्या दिवशी दुपारी जायचं ठरलं. लहान मुलं झोपलेली असतील, गल्ली गप्प असेल, निवांत ऐकू.

गेलो तर गल्लीतली यच्चयावत तान्ही पोरं भोकाड पसरून रडत होती. एका म्हातारीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, हे दर सुट्टीला असंच. या पोरांचा जन्मच लूम्सच्या आवाजात. आवाज आहे तोवर गाढ झोपतात, आवाज थांबला की दचकून उठतात. मोठी माणसंही तशीच. सुट्टीच्या दिवशी डोळा लागत नाही म्हणून ओट्यावर बसलेली, आणि सवयीने एकमेकांशी ओरडून बोलणारी. नीपा मला म्हणाली, "आ लोको तो शांतीथी डरे छे." शांततेला घाबरणारी माणसं मीही तोवर पाहिली नव्हती.

तरी त्या गोंधळात तिने चिकाटीने मुलं तपासली. तिथेच रत्ना भेटली. अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर फ्रॉक ताणून बसणारी. आई म्हणाली, मागे हिचे घोटे सुजले होते, लेप लावला, बरे झाले. नीपाने तिला डाव्या कुशीवर झोपवलं, श्वास रोखायला सांगितला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. काहीतरी होतं, पण शेजारच्या पोराचं रडणं मध्ये येत होतं. मग तिने नळी बाजूला ठेवली आणि आपला तळवा रत्नाच्या छातीवर ठेवला. साहेब नेहमी सांगायचे, आधी हात, मग कान. पोरं ऐकून घ्यायची आणि नळीच धरायची. नीपाचा तळवा बराच वेळ तिथेच होता. मग तिने माझा हात ओढून तिथे ठेवला. इतकी वर्षं मी छातीवर वाट्या लावत आले, पण असं कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. मांडीवर मांजर घेऊन बसलं की ते कसं घुरघुरतं, तसं हाताखाली काहीतरी घुरघुरत होतं. मी तसं मोठ्याने बोलूनही गेले. नीपा हळूच म्हणाली, झडप अरुंद झाली की रक्त त्यातून घासत जातं, ती ही थरथर.

रत्नाने विचारलं, "माझ्या छातीत मांजर आहे?"

नीपाला तेव्हा मराठी फारसं येत नव्हतं, पण मांजर कळलं. ती म्हणाली, "हा. आपण तिला औषध देऊ."

दवाखान्यात आणायला हवं होतं, लगेच. रत्नाची आई नवऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाली, "त्यास्ले इचारा, ताई."

त्याला सगळे जिभाऊ म्हणत. पारोळ्याकडचा, शांत, लूम्सवर इतकी वर्षं काढलेला की कानाने अर्धा गेलेला. मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पोर धावस, खेयस, दयन लई येस. तिले काय व्हयनं शे?" धावते, खेळते, दळण आणते, तिला काय झालंय. आणि चार दिवसांनी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशी माणसाला अखाजी काय असते ते मी सांगायला नको. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि सुरत निम्मी रिकामी होते. रत्नाला गावी नेऊन आजीपाशीच ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे ती हातातून गेली. खेड्यात तीन आठवड्यांनी इंजेक्शन कोण देणार आणि कोण आठवण ठेवणार?

मला राग आला. माझं हे असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "पोरगी मरेल ना भाऊ तुझी, मग झोके बांध." त्याने चहा आमच्यापुढे सरकवला आणि आत निघून गेला. आत म्हणजे कुठे, एकच खोली. भिंतीकडे तोंड करून बसला.

जिन्यापर्यंत रत्नाची आई सोडायला आली, तेव्हा खरं कळलं. जिभाऊला एक धाकटी बहीण होती, सिंधू. पहिल्या बाळंतपणात श्वास लागून गेली. त्याच्याच मांडीवर. तेव्हापासून घरात कुणी 'छाती' हा शब्द काढला की तो उठून जातो. माहीत नसलं म्हणजे ते नाहीच, असं त्याने स्वतःला समजावून ठेवलं होतं. मी जिन्यावर उभी राहिले आणि मला माझीच जीभ कडू लागली. नीपा म्हणाली, मी पुन्हा बोलते त्यांच्याशी. मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणाली, बोलणार नाही मग.

ती काय करणार आहे हे मला कळलं नव्हतं. दोन दिवसांनी दुपारी रत्ना बापाचा डबा घेऊन निघाली, तेव्हा आम्ही तिच्याबरोबर खात्यात गेलो. लूम्सच्या खात्यात तुम्ही कधी गेला नसाल तर सांगते, तिथे बोलणं नावाचा प्रकार नाही. दोघं एकमेकांना चिकटून ओरडले तरी ओठच हलताना दिसतात. हवेत सुताचा भुगा. जिभाऊ आपल्या मागांच्या रांगेतून फिरत होता. एकेका मागापाशी जायचा, लोखंडावर तळवा ठेवायचा, क्षणभर थांबायचा, पुढे जायचा. गोठ्यातल्या गाईवरून हात फिरवावा तसा. कानाचा उपयोग नाही तिथे, म्हणून ही माणसं हातानेच ऐकतात. कुठला धोटा अडखळतोय, कुठला नट सैल झालाय, ते तळव्याला कळतं. हे मलाही ठाऊक होतं, गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते त्या आवाजात उपयोगी पडेल हे नीपाला सुचलं.

आम्हाला बघून त्याच्या कपाळावर आठी आली. नीपाने वाकून नमस्कार केला. मग त्या काडीएवढ्या पोरीने रत्नाला त्याच्यापुढे उभं केलं, आपला हात मागावर ठेवून दाखवला आणि मग तोच हात रत्नाच्या छातीकडे नेला. तुम्हीच बघा, असं. शब्द एक नाही. जिभाऊने माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. परवाच्या बोलण्याचेही त्यातच जोडले.

त्याने तळवा धोतराला पुसला आणि लेकीच्या फ्रॉकवर ठेवला. नीपाने तो थोडा डावीकडे सरकवला, रत्नाला जरा वाकवलं. त्याचे डोळे मिटले. बिघडलेल्या मागापाशी उभा राहिला असता तसाच तो उभा होता. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, ती थरथर हाताला कधी लागली ते. त्याने हात काढला नाही, दुसरा हात मात्र लांब करून शेजारच्या मागाचा दांडा ओढला. तो माग थांबला. मग रत्नाला तशीच धरून पुढचा, मग त्याच्यापुढचा. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी मिळणारा माणूस भरपाळीत आपले माग आपण होऊन बंद करत नाही. शेजारचे कारीगर वळून बघायला लागले. त्याने रत्नाला उचलून घेतलं, एवढी मोठी पोर, आणि आमच्यापुढे चालू लागला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "चला. कोठे नेवानी ते सांगा."

त्या वर्षी रत्ना इंजेक्शन घेऊनच अखाजीला गेली आणि झोके खेळून परत आली. पुढे तीन आठवड्यांची पाळी जिभाऊने कधी चुकवली नाही. इंजेक्शन फार दुखतं ते. रत्ना रडायची नाही, बाप तोंड फिरवून उभा राहायचा. रोज सकाळी पाळीवर जाण्याआधी तो तिच्या छातीवर हात ठेवायचा आणि विचारायचा, मांजर आहे का? ती म्हणायची, आहे. मग डबा उचलायचा. रत्नाच्या आईने मला हे हसत हसत सांगितलं होतं, आणि सांगताना पदर डोळ्याला लावला होता.

नीपाने वर्षाच्या शेवटी आपलं काम मांडलं. बाहेरून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तुमची निम्मी मुलं मध्येच कुठे गेली? ती म्हणाली, "अखाजीला." खाली बसलेले गुजराती प्रोफेसर एकमेकांकडे बघत राहिले. मी मागच्या रांगेत तोंडाला रुमाल लावला. पण हसण्यासारखं सगळंच नव्हतं. त्या गेलेल्यांतली बरीच परत आली, काही आलीच नाहीत. एक गोपाळ म्हणून मुलगा होता, सारखा नाक पुसणारा. त्याचं घर भिवंडीकडे हललं म्हणे. कुणाला पत्ता नव्हता. अजूनही छाती भरलेला कुणी तरुण टेबलावर आडवा झालेला स्वप्नात येतो आणि मी नाव विचारते.

पुढे रत्नाची झडप आणखी आखडली. जिना चढताना थांबायला लागली. तेव्हा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तिथे फुगा फुगवायचा आणि झडप मोकळी करायची, असा उपाय आला होता. छाती उघडावी लागत नाही. नीपा तोवर पुढच्या शिक्षणाला अहमदाबादला गेली होती. तिनेच सगळं जमवलं. जिभाऊ मला म्हणाला, ताई, तुम्ही चला, तिथलं मला काही ऐकू येणार नाही. मी रजा टाकली.

नंतरचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. रत्नाचं लग्न झालं. बघायला आलेल्यांना जिभाऊने दुखणं आपण होऊन सांगितलं, जे उठून गेले त्यांना जाऊ दिलं, जे बसले त्यांच्या घरी मुलगी दिली. बाळंतपण सुखरूप झालं. पण मला अजून आठवतं ते लग्न नाही, बारसं नाही. मला आठवते अहमदाबादची ती दुपार.

फुग्याचं काम उरकून रत्नाला आतून आणून खाटेवर ठेवलं होतं. गुंगीत होती. वॉर्ड असा शांत की पंख्याचा आवाज मोजता यावा. जिभाऊ तीन रात्री तिथे झोपलेला नव्हता. म्हणायचा, या शांततेत मला झोप येत नाही. तो खाटेपाशी बसला आणि रोजच्या सवयीने त्याने लेकीच्या छातीवर तळवा ठेवला. थांबला. जागा बदलली. पुन्हा थांबला. आणि एकदम माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ताई, हाताले काहीच लागत नही. बंद पडनं का?"

मी आधी रत्नाकडे बघितलं, ती श्वास घेत होती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. झडप मोकळी झाली, म्हणून घुरघुर थांबली. जो माणूस दोन-तीन वर्षं रोज सकाळी ते घुरघुरणं चाचपून कामाला गेला, त्याला ते थांबल्यावर दुसरं काय वाटणार? भेस्तानच्या गल्लीतली तान्ही पोरं आठवली मला, लूम्स थांबल्या की दचकून उठणारी.

त्याला समजावायला गेले, पण त्या वॉर्डात ओरडून बोलता येईना. नळीने ऐकवावं तर त्याचे कान तसे. नीपा धावत आली. तिने त्याचा हात धरला, पुन्हा त्याच जागी ठेवला, आणि वर आपला हात ठेवून थोडा दाबला. घुरघुर नव्हती. त्या घुरघुरीखाली इतके दिवस झाकलेलं दुसरं काहीतरी होतं. साधं. एकसारखं. धप, धप, धप.

जिभाऊ डोळे मिटून बसला. मग त्याच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि तो स्वतःशीच म्हणाला, "चालू शे."

माझा जीव भांड्यात पडला. चहा घेऊन येते म्हणून मी बाहेर गेले, रडायला जागा हवी होती. परत आले तर नीपा दारातच उभी, ओठावर बोट ठेवून. आत जिभाऊ स्टुलावर बसल्या बसल्या खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपला होता, त्या शांततेत, घोरत. हात तिथेच होता.